छताला लावलेले धर्म

नकाशा मुळात जमिनीवर यायचा होता. समितीने तसा ठराव केला होता, अध्यक्षांची सही झाली होती, अंबडच्या शेडमध्ये कामही सुरू झाले होते. मग एका बैठकीत, चहा संपत आला असताना, रंगनाथशास्त्रींच्या डोक्यात आले की जमिनीवरच्या नकाशावर लोक पाय ठेवतील. नकाशावरून चालता यावे म्हणूनच तो जमिनीवर घेतला होता, हे कुणालाच आठवले नाही.

नकाशा होता गंगापूर रोडवरच्या विश्वधर्म दालनासाठी. सिंहस्थ तोंडावर आलेला. भाविकांनी रामकुंडावर स्नान करावे आणि मग इथे येऊन जगातले मोठे धर्म कुठे कुठे उगम पावले ते पाहावे, अशी योजना. दालन चिंतामणरावांच्या ट्रस्टचे. हे पंचवटीतल्या तीर्थपुरोहितांच्या घराण्यातले. आयुष्यभर त्यांनी रस्त्यांची कंत्राटे घेतली आणि निवृत्त झाल्यावर त्यांना घराणे आठवले. सल्लागार समिती म्हणजे गोदाकाठी सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला येणारी मंडळी. प्रत्येक धर्माचा एक माणूस हवा, म्हणून फिरणाऱ्यांतूनच निवड झाली. शीख कुणी फिरायला येत नसल्यामुळे ती जागा रिकामी होती.

मला नकाशासाठी घेतले होते. मी भूशास्त्रात एम. एस्सी. केले आहे. वर्षभर दुसऱ्यांच्या अहवालांतल्या आकृत्या काढून दिल्यावर हे पहिले काम असे होते की ज्याखाली माझे नाव लागणार होते. नकाशाशेजारच्या भिंतीवर पितळी पाटी: ‘नकाशाची शास्त्रीय जबाबदारी: स्वरदा खैरनार’. माझी अट एकच होती. दिवा तिथेच लागेल जिथे त्याचे कारण मला सांगता येईल. चिंतामणराव म्हणाले होते, “बाळ, आम्हाला तरी दुसरं काय हवंय?” काय हवे होते ते पुढच्या बैठकांत कळत गेले.

नकाशावर देश नव्हते, सीमा नव्हत्या. नावेही नव्हती, कारण ती कोणत्या लिपीत लिहायची यावर एकमत झाले नाही. फक्त जमीन, पाणी, डोंगर, नद्या आणि उगमांचे दिवे.

पहिला प्रश्न चिंतामणरावांनीच उभा केला. हिंदू धर्म अनादि आहे, त्याला उगम नाही, सबब त्याला दिवा लावणे हा अपमान आहे. मी दिवा काढून टाकला. पुढच्या बैठकीत त्यांनीच विचारले, “सगळ्यांना दिवे आहेत. आपल्यालाच का नाही?” शेवटी सिंधूच्या खोऱ्यापासून गंगेच्या खोऱ्यापर्यंत एक मंद पट्टा उजळायचा ठरला. जिथे वेद रचले गेले आणि पुढे जे वाढत गेले, तो प्रदेश. हे मला पटण्यासारखे होते. त्यांना ते पटले ते पट्टा कुठल्याही दिव्यापेक्षा लांब असल्यामुळे.

मग शरणपूरच्या साळवेबाई. त्यांना बेथलेहेमचा आणि जेरुसलेमचा असे दोन दिवे हवे होते. मी सांगितले की नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षात तेहतीस किलोमीटर, ती दोन्ही गावे एका दिव्याच्या काचेखाली मावतात.

“पण त्याच दिव्यात ज्यू लोकही आहेत ना?”

“जागा तीच आहे, बाई.”

“मग आमच्या दिव्याची काच तरी वेगळ्या रंगाची घ्या.”

पगारे सरांना बुद्धाचे दिवे तीन हवे होते. लुंबिनीत जन्म, बोधगयेला ज्ञान, आणि नागपूरला दीक्षा. मुद्दा खोटा नव्हता, त्यामुळे मी नागपूरला लहान दिवा दिला. लगेच चिंतामणराव म्हणाले की मग नाशिकलाही एक असावा. का, तर दालन इथे आहे. ननकाना साहिबचा दिवा पाकिस्तानात पडतो हे कळल्यावर तो अमृतसरला घ्यावा, ‘सोयीचं पडेल’, असेही तेच म्हणाले. कुणाला सोयीचे, हे त्यांनी सांगितले नाही. गुरू नानक जिथे जन्मले तिथून दिवा मी हलवला नाही, आणि शीख सभासद नसल्यामुळे त्यावर वाद घालायला कुणाला उत्साहही नव्हता.

म्हणजे या लोकांशी भांडून, समजावून, कधी दमवून, मी नकाशा बरोबर ठेवला होता. तेव्हा रंगनाथशास्त्रींना पाय आठवले.

रंगनाथशास्त्री दालनाचे वास्तू सल्लागार. ते होकायंत्र सोन्याच्या साखळीत अडकवून गळ्यात घालतात.

“चपला बाहेर काढायला लावू,” चिंतामणराव म्हणाले.

“चपला काढल्या तरी पाय राहतात,” शास्त्री म्हणाले. “उद्या कुणी काशीवर उभा राहून मोबाइलवर बोलेल.”

“मक्केवरही राहील,” पगारे सर म्हणाले. “मग निस्तरा.”

साळवेबाईंनी सुचवले की लोकांना फक्त समुद्रावरून चालायला सांगावे. यावर दहा मिनिटे गंभीर चर्चा झाली. हिंदी महासागरातून प्रवेश आणि अटलांटिकमधून बाहेर, असा मार्ग आखला गेला. मग कुणीतरी व्हीलचेअरचे काय असे विचारले आणि तो मार्ग बंद पडला.

“वर लावा,” चिंतामणराव म्हणाले. “छताला. पायाचा प्रश्नच मिटला. आणि धर्म ही वर बघायचीच गोष्ट आहे.”

मंडळी इतकी खूश झाली की सगळ्यांनी परत चहा मागवला.

मी म्हटले, छताला लावला तर एक अडचण येईल. जमिनीवरचा नकाशा आपण वरून बघतो, छतावरचा खालून. उत्तर तिच्या जागी ठेवली की पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल होते. ट्रेसिंग पेपर घेतला, त्यावर भारत काढला, टेबलावर ठेवून दिशा जुळवल्या आणि तसाच वर उचलून त्यांच्या डोक्यावर धरला. गुजरातचे टोक उजवीकडे गेले.

“असा भारत चालणार नाही,” चिंतामणराव म्हणाले.

“मग आकार सरळ ठेवू. पण नकाशाची पूर्व दालनाच्या पश्चिमेला जाईल.”

“ते तर अजिबात चालणार नाही,” शास्त्री म्हणाले. “पूर्व ती पूर्व.”

“दोन्ही एकदम होणार नाही.”

“का नाही?”

“कारण आपण खालून बघतोय.”

चिंतामणरावांनी माझ्याकडे अतिशय मायेने पाहिले. “बाळ, तू हुशार आहेस, पण तुम्हा शास्त्रवाल्यांना आधी नाही म्हणायची सवय असते.” आणि त्यांनी ठराव सांगितला: नकाशा छताला लावावा, भारत नेहमीसारखा दिसावा, आणि सर्व दिशा वास्तूप्रमाणे असाव्यात. ठराव एकमताने मंजूर झाला. भूमितीचे मत कुणी विचारले नव्हते.

अंबडच्या शेडमध्ये नकाशाचे फायबरचे तुकडे झुंबरभाऊ बनवत होते. हे मूळचे निफाडचे. गणपतीची मखरे, हॉटेलांचे धबधबे आणि राजकीय पक्षांची चिन्हे, सगळे एकाच मापाने मोजून बनवणारे. त्यांना मी दोन पर्याय समजावले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, मला फक्त सांगा कोणता बनवू. दोन्ही बनवायला लावू नका, लय राडा होतो.” चिंतामणरावांनी फोनवर सांगितले, नेहमीचा. तो बनला आणि छताला चढला.

शास्त्री होकायंत्र घेऊन आले. दालनाच्या मध्यावर मान वर करून उभे राहिले आणि तसेच राहिले.

“चीन पश्चिमेला आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि मक्का पूर्वेला.”

“हो. मी सांगितलं होतं.”

“फिरवून लावा ना मग. अर्धा फेरा दिला की पूर्व पूर्वेला.”

मी म्हटले की मग उत्तर दक्षिणेला जाईल. त्यांना ते फिरवल्याशिवाय दिसेना, म्हणून झुंबरभाऊंच्या माणसांनी मचाण बांधले, बारा मीटरचे जग तुकड्या तुकड्याने उतरवले आणि उलटे फिरवून चढवले. पूर्व पूर्वेला आली. हिमालय दक्षिणेला गेला.

“दक्षिण यमाची दिशा,” चिंतामणराव हळूच म्हणाले. “कैलास तिकडे?”

“नुसता कैलास नाही,” शास्त्री म्हणाले, “अख्खा स्वर्ग तिकडे गेला.”

“आता काय, परत उतरवू?” झुंबरभाऊंनी विचारले. “का चार दिवस असाच राहू देता?”

त्या संध्याकाळी चिंतामणरावांनी मला बोलावून घेतले. मी अपेक्षा केली होती की आता तरी कुणी म्हणेल, चुकलो. ते म्हणाले, “पाटी करायला टाकलीय. शास्त्रीय जबाबदारी तुझी. निमंत्रणपत्रिकेतही तुझं नाव आहे. पाहुणे ठरलेत. मार्ग काढ.”

“चुकीच्या नकाशाखाली माझं नाव लावू नका.”

“मग बरोबर कर.”

मी खरे तर तिथेच उठून जायला हवे होते. पण प्रश्न म्हणून तो मला सोडेना. आणि उत्तर तसे सोपे होते. नकाशा मुद्दाम आरशातल्यासारखा उलटा बनवायचा, म्हणजे छताला लावल्यावर त्याच्या चारही दिशा दालनाच्या दिशांशी जुळतील. खाली जमिनीवर आरसा ठेवायचा, भोवती कठडा. लोकांनी वर नाही, खाली बघायचे. आरशात आकार पुन्हा सरळ होतो आणि दिशा ढळत नाहीत. दक्षिणेच्या बाजूला उभे राहिले की उत्तर समोर, पूर्व उजव्या हाताला, भारत नेहमीसारखा. पाय कुणाचा लागणार नाही. त्यांनी मागितलेल्या तिन्ही गोष्टी, ज्या एकत्र शक्य नव्हत्या, त्या शक्य झाल्या होत्या.

समितीला मी हे खिशातल्या आरशावर दाखवले. साळवेबाईंनी हात जोडले. शास्त्री म्हणाले की हे प्राचीन वास्तुशास्त्रात आहेच, त्यांना फक्त संदर्भ शोधावा लागेल.

“आरसा नको,” चिंतामणराव म्हणाले. “नाशिकमध्ये आरसा काय ठेवायचा? कुंड करू. काळ्या दगडाचं, पाणी भरून.”

पाणी हलते, हे मी सांगितले. पण काळ्या तळाच्या उथळ, स्थिर पाण्यात प्रतिबिंब चांगले पडते हेही खरे होते, आणि मला ते लपवता आले नाही. कुंड झाले. झुंबरभाऊंनी नकाशा नव्याने उलटा ओतला आणि दर तासाला विचारत राहिले, “उलटाच ना मॅडम? बघा हां, नंतर म्हणू नका.”

चाचणीच्या दिवशी मी एकटी होते. दालनातले दिवे बंद केले, नकाशाचे चालू केले आणि कठड्यावरून वाकले. पाण्यात जग होते. जेरुसलेम, त्याच्या जरा खाली मक्का, इराणच्या पूर्वेला जरथुष्ट्राचा अंधुक दिवा, ज्याची जागा नक्की कुणालाच माहीत नाही म्हणून मी तो अंधुक ठेवला होता. गंगेच्या मैदानात बुद्ध आणि महावीर इतके जवळ की दोन हातांनी एकदम झाकता यावेत. पूर्व चीनमध्ये कन्फ्यूशियस. बहुतेक दिवे कोरड्या किंवा नद्यांच्या प्रदेशात, वाटांच्या कडेला, एकाच रुंद पट्ट्यात. बाकी सारी पृथ्वी काळी. या सगळ्याला कारणे होती, आणि ती पाहणाऱ्याने विचारावीत एवढेच मला हवे होते. दिशा तपासल्या. बरोबर होत्या.

उद्घाटनाला चिंतामणराव सोवळे नेसून आले. उघडे अंग, डाव्या खांद्यावरून जानवे, कपाळाला गंध, मनगटावर मात्र भले मोठे घड्याळ. घराणे पूर्ण आठवलेले होते. समई पेटवताना त्यांनी पाहुण्यांना वर बोट दाखवले. वर, खाली नाही. पाहुण्यांनी मान वर केली, त्यांच्या मागे सगळ्या दालनाने केली.

“भारत उलटा दिसतोय का हो?” पाहुणे म्हणाले.

“खाली बघा, साहेब,” मी म्हटले. “पाण्यात सरळ दिसेल.”

पाहुण्यांनी खाली पाहिले. पण तोवर एका बाईंनी कुंडातले पाणी बोटाने डोळ्यांना लावले होते, दुसऱ्यांनी झेंडूचे फूल सोडले होते, आणि कुणीतरी पाच रुपयांचे नाणे टाकले होते, ते मध्य आशियात पडले. सगळे धर्म थरथरून एकमेकांत मिसळले. चिंतामणरावांनी माइक हातात घेऊन सांगितले की हेच या दालनाचे तत्त्वज्ञान आहे.

तनय नावाचा वार्ताहर होता. त्याने समई पेटवणारे चिंतामणराव आणि वर छतावरचा नकाशा, असे एक छायाचित्र घेतले. मी त्याला दोनदा सांगितले की छताचे घेऊ नकोस, पाण्याचे घे. तो म्हणाला, “ताई, पाण्यात नुसती फुलं दिसताहेत.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर भारत सरळ होता. मी ते बराच वेळ बघत होते. छताच्या छायाचित्रात तो सरळ असणे शक्यच नव्हते. मग छायाचित्रातल्या चिंतामणरावांकडे पाहिले आणि समजले. रात्रपाळीच्या कुणाला तरी नकाशा चुकल्यासारखा वाटला आणि त्याने छायाचित्रच डावे-उजवे उलटे करून टाकले. नकाशा सुधारला. चिंतामणराव डाव्या हाताने समई पेटवत होते, आणि जानवे त्यांच्या उजव्या खांद्यावर होते.

जानवे उजव्या खांद्यावर घेतात ते श्राद्धाला, पितरांसाठी. पंचवटीत हे पोरालाही कळते. सकाळी आठच्या आत निम्म्या पुरोहित घराण्यांचे फोन येऊन गेले होते. कुणी विचारले, कोण गेले. कुणी विचारले, विश्वधर्माचे श्राद्ध घातले का. त्यांच्या चुलतभावाने कुटुंबाच्या ग्रुपवर छायाचित्र टाकून खाली नुसते हात जोडलेले चिन्ह ठेवले होते.

मी दालनात पोचले तेव्हा ते कठड्याला धरून उभे होते.

“माझं जानवं सव्य होतं, डाव्या खांद्यावर,” ते म्हणाले. “तू पाहिलंस ना?”

“पाहिलं. छायाचित्र उलटं छापलंय.”

“हे तू पेपरला लिहून दे. शास्त्रीय भाषेत.”

“देते. पण मग हेही लिहावं लागेल की छतावरचा नकाशा मुद्दाम उलटा आहे आणि तो पाण्यात का बघायचा. नाहीतर अर्थ लागणार नाही.”

“लिही ना. सगळं लिही.”

मी अर्ध्या पानात लिहिले. एकही अवघड शब्द वापरला नाही. टेबलावर कागद ठेवून तो डोक्यावर उचलण्याचा प्रयोगही सांगितला, घरी कुणालाही करता येईल असा. चिंतामणरावांनी तो मजकूर तनयला पाठवण्याआधी ‘जरा आटोपशीर’ केला. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा आला:

‘विश्वधर्म दालनाच्या उद्घाटनाचे छायाचित्र अनवधानाने उलट छापले गेले. अध्यक्षांचे जानवे सव्यच होते व दीपप्रज्वलन उजव्या हातानेच झाले. दालनातील नकाशा मात्र प्रत्यक्षात उलटाच आहे. नकाशाची शास्त्रीय जबाबदारी: स्वरदा खैरनार.’

यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

मला शिकवलेल्या, भूशास्त्र विभागातल्या सरांचा फोन आला. त्यांनी फक्त विचारले, “अगं, पूर्व-पश्चिम कशी काय चुकली?” मी समजावू लागले. त्यांनी ऐकून घेतले, हो हो म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, “असू दे, पहिलंच काम आहे.” घरून, कळवणहून, वडिलांचा फोन आला नाही. त्यांच्याकडे तेच वर्तमानपत्र येते.

दुपारी दालनात गर्दी वाढली होती. लोक आता खास उलटा नकाशा बघायलाच येत होते. आत आले की मान वर, बोट वर, हसणे, मोबाइल वर धरून छायाचित्र, आणि बाहेर. अहमदाबादहून आलेल्या एका कुटुंबाने आपले गाव चुकीच्या बाजूला सापडल्याबद्दल टाळ्या वाजवल्या. कठड्यापाशी थांबत होते ते पाण्याची बाटली भरून घेणारे. पगारे सर मला भेटले तेव्हा म्हणाले, “नागपूरचा दिवा तेवढा बरोबर आहे ना?” मी म्हटले, पाण्यात बघा. त्यांनी वर पाहिले.

मला या लोकांचा राग येत नव्हता. राग यायला समोरच्याने काही तरी समजून उमजून करावे लागते.

चिंतामणराव कार्यालयात हारतुऱ्यांमध्ये बसले होते. मी सांगितले, पाटी काढा. ते म्हणाले, “आता काढली तर लोक म्हणतील ट्रस्टने जबाबदारी झटकली. तुझ्याच नावाला बरं दिसणार नाही. शिवाय गर्दी बघ ना. तुझ्यामुळे.” ते मनापासून बोलत होते, आणि तेच जास्त असह्य होते. जानव्याचा प्रश्न सुटला होता, दालन चालले होते. माझे नाव त्यांच्यासाठी भिंतीवरचा एक खिळा होते.

मी बाहेर आले. झुंबरभाऊ कुंडातली नाणी जाळीने काढत होते, कारण नाणी पडली की तळ चमकतो आणि, त्यांच्या मते, ‘शोभा जाते’. नाणी ते वेगळ्या डब्यात ठेवत होते. त्यांच्याकडून मी स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि भिंतीवरची पाटी स्वतः उतरवली. कुणी अडवले नाही. सगळे वर बघत होते.

“घरी नेता काय?” झुंबरभाऊंनी विचारले.

“नाही. इथे कठड्याच्या आतल्या अंगाला लावायची. पाण्यापाशी.”

“तिकडं? तिकडं वाकल्याबिगर दिसायची नाय.”

“वाकल्यावर जे दिसतं त्याचीच जबाबदारी माझी आहे. छताची नाही.”

त्यांनी पाटी हातात घेऊन वजन केले, एकदा छताकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. नकाशाचे काय, कशाचेच काय, त्यांना काही पडलेले नव्हते.

“दगडाचं ड्रिल शेडवर राहिलंय,” ते म्हणाले. “आज दुहेरी टेपनं चिकटवतो. चालंल?”

मी दक्षिणेच्या बाजूची जागा दाखवली.